पाचवा पेला

मिरची. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल, गावात नुसता खोकला. माघ सरत आला की नंदुरबारात कुणाचंही वाक्य एका दमात पुरं होत नाही.

पितळेची पिकदाणी. चिंचेने घासून ठेवलेली. अकरा वर्षं.

कधी समुद्र न पाहिलेला माणूस पेल्यात नाक घालतो आणि म्हणतो, समुद्र.

"हा करा," अनुसयाबाई म्हणते. दर रविवारी, उंबऱ्यातच.

डोंगरात मोहाच्या झाडाखालचा पाला फुलं गळण्याआधी जाळतात. मग फूल स्वच्छ जमिनीवर पडतं, वेचायला सोपं. उशिरा जाळला तर पडलेल्या फुलांत धूर शिरतो.

वेताच्या दोन खुर्च्या. त्यातल्या एकीची बैठक रूपचंदच्या वजनाने दोनदा सुटली आणि दोनदा विणून घेतली.

ओल्या पावलांचे ठसे, ओसरीच्या फरशीवर. आत येतानाचे पाच. परत जातानाचे नाहीत.

"तालिस्कर," रूपचंद म्हणाला.

शेठनी पेल्याखालची चिठ्ठी काढली, उलगडली, वाचली, आणि मग रूपचंदला दिसेल अशी टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर लागाव्हुलिन लिहिलेलं होतं. एवढंच झालं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर ऊन होतं, स्टेशनाकडून मालगाडीची शिटी आली, आणि शेठ हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "डिकरा, आज तुझी जीभ सुट्टीवर गेली काय?" असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता खोकले, कारण हवेत मिरची होती. रूपचंदही हसला. सकाळपासून आपलं नाक चुन्याने सारवल्यासारखं झालंय, हे त्याला उठल्याउठल्या कळलं होतं. तरीही तो आला होता, नेहमीसारखा धोतराचा सोगा सावरत खुर्चीत बसला होता, कारण नाक चोंदलंय असं सांगणं म्हणजे खुर्ची रिकामी ठेवणं, आणि रिकामी खुर्ची त्याने कधी कुणाला दाखवली नव्हती. पारशी शेठच्या मोहाच्या भट्टीवर तो मुनीम. प्रत्येक धारेची दारू तो जिभेवर घ्यायचा, फिरवायचा, थुंकायचा आणि सांगायचा, ही तळोद्याकडच्या फुलांची, ही नवापूरकडची, ह्या फुलांना वाटेत पाणी लागलंय. पोटात थेंब नाही. पण ते आठवड्याचं काम झालं. रविवार वेगळा. रविवारी विलायती व्हिस्कीच्या चार बाटल्या निघायच्या, त्या रेल्वेच्या पुलांच्या कामावर आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरने शेठना लावून दिलेल्या नादातल्या. साहेब परत गेला तरी दर हिवाळ्यात सुरतेहून गाडीने पेटी यायची. बाकी विलायती दारू दहा भट्ट्यांची मिसळ, आणि ही एकेकटी, एका भट्टीची, नुसत्या जवाची, शेजारच्या भट्टीचा थेंबही आत नाही, असं साहेबाने सांगितलं होतं आणि शेठ ते दर रविवारी पुन्हा सांगत. ग्लेनलिव्हेट. मॅकॅलन. तालिस्कर. लागाव्हुलिन. लोणखेड्याच्या शाळेत बाराखडी घोकावी तशी रूपचंदने ही चार नावं घोकली होती. शेठ आत जाऊन चार पेले भरत, खाली घडी केलेल्या चिठ्ठ्या ठेवत, बाहेर आणत. रूपचंद वास घेई, जिभेवर घेई, थुंके आणि सांगे. आणि शेठ डोळे मिटून ऐकत. नुसतं नाव सांगून भागत नसे. "सांग, सांग. काय काय आहे आत, सांग." मग तो सांगे: पिकलेली नासपती. पावसात भिजलेलं गोणपाट. लग्नघरात पाटाखाली सांडून राहिलेला मध. सोनाराच्या शेगडीतला कोळसा, पाणी मारल्यावरचा. शेठ म्हणत, "हां. पुढे?" सबंध खानदेशात आपल्याशी असं बोलणारा दुसरा माणूस नाही, हे रूपचंदला माहीत होतं. बायकोसुद्धा नाही, भाऊसुद्धा नाही. पुढे, असं त्याला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

आणि त्या सकाळी, दोघे हसत होते त्याच वेळी, वाहरू विहिरीचं पाणी घेऊन ओसरीवर आला. पेल्यात चार थेंब घालायला ताजं पाणी लागे. अक्राणीच्या डोंगरातला तेवीस-चोवीस वर्षांचा माणूस, दिवाळीनंतर खाली उतरून भट्टीवर लाकडं फोडायला राहिलेला. त्याला रूपचंदनेच कामावर घेतलं होतं. शेठना चेष्टा सुचली. त्यांनी दोन पेले पुढे सरकवले, एक चुकलेला, एक राहिलेला. "घे रे. दोन्ही घे. वेगळं काय ते सांग." वाहरूने घागर ठेवली, रूपचंदकडे पाहिलं, रूपचंदने मान हलवली (हीही आपलीच मान, हे त्याला नंतर रात्रंदिवस आठवत राहिलं), आणि वाहरूने एका पेल्यातला घोट घेतला, मग दुसऱ्यातला. थुंकला नाही. त्याच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली.

"हाई दुसरी येगळी शे," तो म्हणाला. "हाई गळामा मिरचीनी मायक लागस. ती नही लागस."

शेठ खुर्चीत सरळ झाले. चिठ्ठी न उघडता त्यांनी स्वतः त्या दुसऱ्या पेल्यातला घोट घेतला, गिळला, थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे रूपचंदने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हां. मिरची," शेठ म्हणाले. "बराबर. हे तर मला पण लागतं."

घरी जाताना बाजारपेठेतून मिरचीची पोती निघालेली, हमाल तोंडाला फडकी बांधून, आणि रूपचंद फडकं न बांधता त्यांच्यामधून चालला. मिरची. अकरा वर्षांत त्याने तालिस्करमध्ये मीठ सांगितलं होतं, ओला दोर सांगितला होता, शिंपले हा शब्द एका गुजराती व्यापाऱ्याकडून मुद्दाम विचारून घेऊन सांगितला होता. मिरची सांगितली नव्हती. नंदुरबारात राहून मिरची सांगितली नव्हती. कारण ती जिभेवर नव्हतीच, गळ्याच्या खाली होती, आणि गळ्याच्या खाली त्याने काही जाऊ दिलं नव्हतं. पारशाच्या भट्टीवर नोकरी लागली तेव्हा आईने त्याला प्रकाशा गावी नेलं होतं, तापीत कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं होतं, आणि ओंजळीत पाणी धरून वदवून घेतलं होतं, की हात लावीन, तोंडाला लावीन, पोटात थेंब जाऊ देणार नाही. गुजर पाटलांचा मुलगा. पाणी थंड होतं, आईचे दात वाजत होते. आई गेली, पण ते वदवून घेतलेलं त्याच्या बायकोकडे, अनुसयाबाईकडे आलं, जशी घराची किल्ली आली तसं. दर रविवारी ती उंबऱ्यात उभी राही. "हा करा." तो तोंड उघडून श्वास सोडी. ती हुंगे आणि बाजूला होई. तोंडाचा वास वेगळा आणि पोटाचा वास वेगळा, असं ती म्हणे, आणि तिचं कधी चुकलं नसतं. म्हणजे तिचं नाक खरं. म्हणजे ह्या घरातही आपण दुसऱ्याच नंबरावर, असं त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

"तोंड काबर उतरनं?" तिने विचारलं. "पारसी बोलना का?"

"नही. हासना."

"मंग हासू द्या. हासाना काय पैसा पडस?"

तो जेवला नाही. वरणात हिंग होतं का नव्हतं, कळेना.

पुढचा रविवार. शेठनी वाहरूला पायरीवर बसवलं, हातात पेला दिला. एकदा नावं सांगून चव दिली, मग चिठ्ठ्या झाकल्या. वाहरूने चारही ओळखले. त्याच्या पुढच्या रविवारी पायरीऐवजी तिपाई. रूपचंद खुर्चीतच होता, त्याचं नाक तोवर सुटलं होतं, त्यानेही चारही ओळखले. पण शेठ आधी तिपाईकडे बघत होते. काय बघत होते? गळा. रूपचंदही तोच बघू लागला. त्या काळ्या, उन्हाने रापलेल्या गळ्यातली ती गाठ, वर, खाली, जशी विहिरीवरची मोट. भट्टीवर आठवडाभर वाहरू लाकडं फोडी तेव्हा रूपचंद गुदामाच्या दारात कागद घेऊन उभा राही आणि कागद न वाचता तो गळा बघे. वाहरू पाणी पिई तेव्हा बघे. भाकरी खाई तेव्हा बघे. तो भाकरीबरोबर हिरवी मिरची चावून खायचा, कचाकचा, एकामागून एक तीन, आणि तरीही त्याची जीभ मेली नाही. आणि रूपचंद अकरा वर्षं बिनमिरचीची खिचडी खात आला होता, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, सासुरवाडीला वांग्याच्या भरितापुढे हात जोडून. कशासाठी? त्याने एकदा वाहरू नसताना त्याच्या झोपडीच्या कुडाजवळ जाऊन वास घेतला. धूर, घाम, तेल, कोंबडी. काही विशेष नाही. मग आपण मुनीम असून दुसऱ्याच्या कुडाला नाक लावून उभे आहोत, हे लक्षात येऊन तो मागे वळला, तर वाहरू कुऱ्हाड घेऊन समोर.

"काय धुंडी ऱ्हायनात, भाऊ?"

"काही नही. साप शिरना इकडे, असं वाटनं."

"साप?" वाहरूने वाकून कुडात बघितलं, काठीने ढोसलं, अगदी मनापासून. "नही दखास. ऱ्हाऊ द्या. त्योबी कोठेतरी ऱ्हाई ना बिचारा."

त्याच्यात कपट असतं तर सोपं झालं असतं. रूपचंद ते शोधत होता. शेठपुढे तो मुद्दाम वाकतो का, मुद्दाम हसतो का, हे तो रोज रात्री पडल्यापडल्या तपासून बघे आणि काही हाताला लागत नसे. वाहरूला रविवारचं काही वाटतच नव्हतं. पाणी आण म्हटलं की पाणी, पी म्हटलं की पी. जे आपल्याला तीर्थासारखं होतं ते त्याला फुकट होतं. मत्सराला हे सहन होत नाही. समोरच्याने निदान त्या गोष्टीसाठी हात पुढे करावा, झोंबावं, आपल्यासारखं तडफडावं, एवढं तरी. अनुसयाबाईला त्याने अर्धवट सांगितलं, आणि ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरून हसली.

"लोकेसन्या बाया सवतवर जळतस," ती म्हणाली. "मन्हा नवरा लाकडं फोडनारावर जळस. तेबी कसाकरता, तं थुकानाकरता."

चौथ्या रविवारी शेठ म्हणाले, "रूपचंद, आता असं कर. पुढच्या वेळी पेले तू भर. चिठ्ठ्या तू ठेव. मी इकडे बसतो, हा इकडे बसेल. मजा येईल." आणि दुसऱ्यांदा इकडे म्हणताना त्यांनी रूपचंदच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

मजा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी रूपचंदने कुणालाच सांगितली नव्हती. गुदामाच्या मागच्या कोपऱ्यात, फुलांच्या रिकाम्या पोत्यांखाली, एक लहान पीप होतं. साहेबाने बदलीच्या वेळी टाकून दिलेलं, आत कधी काळी गोड विलायती दारू असलेलं, ओकच्या लाकडाचं. त्यात रूपचंदने सोळा साली मोहाची पहिल्या धारेची दारू भरून ठेवली होती. त्या साली तळोद्याच्या बाजारात त्याने भुरीबाई नावाच्या डोंगरातल्या एका बाईकडून तीन पाट्या फुलं घेतली, आणि त्यांची दारू निघाली ती धुराची. शेठनी पेला नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं होतं. "जळकी. ओतून दे." पण रूपचंदने आदल्याच रविवारी आयुष्यात पहिल्यांदा लागाव्हुलिन हुंगली होती. तिकडे जमिनीतली मातीच खणून वाळवून जाळतात, तिच्या धुरात जव सुकवतात, हे साहेबाने सांगितलं होतं. तो धूर आणि हा धूर. दोघांमध्ये समुद्र होता, पण धूर म्हणजे धूर. त्याने ओतली नाही. पिपात भरली, भोक लाखेने बंद केलं, आणि थांबला. दरवर्षी एकदा, होळीच्या दिवशी, सळई घालून थेंब काढी, जिभेवर ठेवी, थुंकी. पाचव्या वर्षी तिच्यातला राग गेला. आठव्या वर्षी तिला रंग आला, जुन्या तुपासारखा. त्याच्या मनात एक रविवार ठरलेला होता. कधीतरी, अजून दोन वर्षांनी, अजून एक वर्षाने, चार पेल्यांच्या शेजारी पाचवा ठेवायचा, चिठ्ठी न लावता, आणि शेठनी डोळे मिटून विचारायचं, ही कुठली? आणि मग, फार सावकाश, सांगायचं. भट्टीच्या हिशेबाबाहेर असा माल साठवणं अबकारीच्या कायद्यात बसत नव्हतं. त्याची भीती वाटायची, पण ती भीतीसुद्धा त्याची स्वतःची होती, कुणाला न दिलेली.

आता तो रविवार आपोआप आला होता, आणि वेगळाच होऊन आला होता. पेले त्याच्या हातात होते. आतल्या खोलीत उभं राहून त्याने चार पेले भरले, चार चिठ्ठ्या घातल्या, आणि पाचव्या पेल्यात कमरेच्या बाटलीतून पिपातली दारू ओतली. शेठना चकित करायचं, हे कधीच मागे पडलं होतं. आता फक्त वाहरूने चुकायला हवं होतं. त्याने लागाव्हुलिन म्हणावं. किंवा गोंधळून गप्प बसावं. डोंगरातल्या माणसाने डोंगरातल्या मोहाला विलायती म्हणावं, त्याच खुर्चीत बसून, आणि शेठनी हसावं, तसंच हसावं जसं त्या दिवशी ते आपल्याला हसले. अकरा वर्षांची दारू एका माणसाला खजील करायला वापरायची. हे स्वस्त आहे, हे त्याला पेला उचलताना कळत होतं. तरी उचलला.

वाहरू खुर्चीत बसला होता, कडेवर, पाठ न टेकता. पाय धुऊन आलेला. पहिला पेला: मॅकॅलन. दुसरा: मिरचीवाली. तिसरा, चौथा. विलायती नावं त्याने आपल्या तोंडाला येतील तशी मोडून सांगितली आणि शेठ प्रत्येक नावाला खुशीत मांडीवर थाप मारत होते.

"हा पाचवा कसला?" शेठ म्हणाले.

"साहेबाची एक जुनी बाटली सापडली आत," रूपचंद म्हणाला. "चिठ्ठी नाही. ओळखू दे त्याला."

वाहरूने पेला नाकाशी नेला. आणि खाली घेतला. रूपचंदकडे पाहिलं नाही, कुणाकडेच नाही. तो खुर्चीतून उठला, पेला दोन्ही हातांत धरून ओसरीच्या पायऱ्या उतरला, उन्हात, अंगणातल्या उघड्या मातीशी उकिडवा बसला. पेला कलता करून त्याने जमिनीवर चार थेंब सोडले. पुन्हा चार. ओठ हलले. उन्हाने तापलेल्या मातीतून वास वर उठला, आणि तो ओसरीपर्यंत आला. रूपचंदच्या नाकात शिरला, सगळाच्या सगळा, जसा पिपातून कधीच आला नव्हता. मग वाहरूने उरलेलं निम्मं प्यायलं आणि बाकीचं परत आणून टेबलावर ठेवलं.

"अरे वेड्या," शेठ म्हणाले, "विलायतेचा माल मातीला पाजतो काय?"

"पयले बुढासले देनं पडस, शेठ."

"आणि आधीचे चार पेले प्यालास, तेव्हा म्हाताऱ्यांना उपाशी ठेवलं?"

"त्या चार दारू आमना बुढा वळखतीन नही," वाहरू म्हणाला.

शेठ इतके हसले की त्यांना पुन्हा खोकला आला. शेठनी तो पेला उचलला, नाकापाशी नेला, घोट घेतला, डोळे मिटले. अकरा वर्षं. "कशी आहे?" त्यांनी वाहरूला विचारलं.

"चांगली शे."

"चांगली म्हणजे कशी?"

"चांगली."

"अरे पण काय काय आहे आत? सांग ना."

वाहरूने विचार केला, खरोखर विचार केला. "दारू शे," तो म्हणाला.

शेठचा चेहरा उतरला, लहान मुलाचा उतरतो तसा. त्यांनी मान वळवून रूपचंदकडे पाहिलं. रूपचंदने मान खाली घालून चिठ्ठ्या गोळा केल्या. शेठ म्हणाले, साहेबाने सगळ्यात चांगली मागे ठेवून दिली, आणि जेवायला आत गेले.

विहिरीवर वाहरू घागर घासत होता.

"तुले समजनं ना, ती कसानी शे?" रूपचंद म्हणाला.

"समजनं."

"मंग सांगं काबर नही?"

"तुम्हीन सांगं, साहेबनी बाटली शे. मोठा मानूसले चार लोकेसमोर खोटं पाडतस का, भाऊ?"

"वळखं कसं?"

"धूरवरथीन." वाहरूने घागर उपडी केली. "सागना पाला, टेंबरना पाला. त्या साले बाप रेल्वेना कामले गया व्हता. झाडखालना पाला माले बाळाना व्हता. मी नदीवर मासा धराले गवू. दोन दिन फूल पडी ग्यात, मंग मी आग लाई. मायनी माले असं मारं," आणि त्याने खांद्यामागचा एक पांढरट वण दाखवला, थोड्या अभिमानानेच. "सगळी फुलेसमा धूर भरना. तळोदाना बजारमा कोन्ही घेयेत ना. तुम्हीन लिधात."

"भुरीबाई."

"मन्ही माय." तो आश्चर्याने बघत राहिला, की मुनीमाला नाव आठवतं. "मोठा तापमा मरी गई. उद्या मी गावले जाई ऱ्हायनू, भाऊ. पाला बाळाना शे. औंदा उशीर करता नही येवाव."

तो जाणार होता. खुर्ची रिकामी होणार होती, कुणी न ढकलता. रूपचंद ओसरीवर परत आला आणि आनंद होण्याची वाट बघत उभा राहिला. पेल्यात तळाशी दोन घोट होते. माझी दारू, असं तो अकरा वर्षं मनात म्हणत आला होता. फूल भुरीबाईचं. पीप साहेबाचं. धूर, ज्याच्यामुळे ती ठेवावीशी वाटली, तो एका पोराने मासे धरण्यात दोन दिवस घालवले म्हणून आलेला. आपलं त्यात काय? न ओतणं. थांबणं. आणि ह्या माणसाला त्याची चूकसुद्धा अशी परत मिळते, सोनेरी होऊन, पेल्यातून, की तो तिच्यातून आईचा मार प्यायला आणि तृप्त झाला. माझ्या चुका कुठे आहेत? मी कधी केल्याच नाहीत. त्याच्या गळ्याचा हेवा वाटत होता तोवर ठीक होतं, आता त्याच्या पाठीवरच्या वणाचा वाटू लागला. रूपचंदने पेला उचलला. जमिनीवर थेंब सोडावे का, असं एकदा वाटलं. पण त्याच्या वाडवडिलांनी ती ओळखली नसती, आणि ओळखली असती तर तोंड फिरवलं असतं. त्याने दोन्ही घोट गिळले. पिकदाणी पायाशी होती. उतरताना ती गळ्यातून बोलत गेली, आणि खाली, जिथे त्याने कुणाला कधी येऊ दिलं नव्हतं, तिथे जाऊन पाला पेटला तशी पसरली.

"हा करा," अनुसयाबाई म्हणाली.

त्याने श्वास सोडला. तिने पुन्हा एकदा हुंगलं. मिरचीचा खोकला रस्त्यावरून गेला.

"हाऊ पोटना शे," ती म्हणाली. ओरडली नाही. आत जाऊन तिने ताट वाढलं, नेहमीच्या जागी, आणि पाठ करून बसली. पुढच्या रविवारी ती उंबऱ्यात नव्हती. त्याच्या पुढच्याही.

पुढच्याच रविवारी शेठनी वेताची खुर्ची स्वतः ओढून दिली. "तो पोरगा ओळखतो बराबर," ते म्हणाले, "पण बोलत नाही. नुसतं नाव सांगून काय उपयोग? तू बस. तू सांगतो तसं सांग." चार बाटल्या बाजूलाच राहिल्या. त्यांना पाचवी हवी होती, आणि रूपचंदने कमरेची बाटली उघड्यावर काढून टेबलावर ठेवली, तरी ती कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही. दोघांनी पेले घेतले. शेठनी डोळे मिटले. "सांग. सावकाश. काय काय आहे?"

रूपचंदने घोट गिळला. "सागाचा पाला," तो म्हणाला. "सुकलेला, वर दव पडलेलं. त्यात टेंभुर्णीचा पाला, थोडा. खाली मोहाची फुलं, दोन दिवसांची, काही मऊ पडलेली, एखाद्या फुलावर मुंगी."

"हां. पुढे?"

"खाली नदी आहे. पाणी कमी आहे, दगड उघडे. एक पोरगा गुडघाभर पाण्यात उभा आहे, पाल्याकडे जायचं त्याच्या लक्षात आहे, पण हाताखालून एक मासा सुटतोय, मग दुसरा. वर कुणीतरी त्याला हाका मारतंय."

"कोण?"

"आई."

"पुढे?" शेठ म्हणाले. त्यांनी पेला नाकाशी धरून ठेवला होता.

सन अठराच्या साथीत शेठ सतरा दिवस तापाने पडून होते, आणि उठले तेव्हापासून, गळ्याला झोंबेल तेवढं सोडलं तर, त्यांना कशाचाही वास येत नव्हता.